अर्ध्या मिनिटाला एक दाद

मोरेश्वर गद्रे सरांचा एक दावा होता. भिंतीपलीकडून नुसता एक सूर ऐकू आला, तरी तो कोणत्या मुलाचा हे ते छातीठोक सांगत. चिंचवडच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गाणं शिकवलं होतं, त्यामुळे दाव्याला साक्षीदारही भरपूर होते. एकदोनदा नाव चुकलं होतं, नाही असं नाही. पण सरांच्या मते त्यात चूक मुलाचीच होती. त्यानं दुसऱ्याच्या आवाजात गायला नको होतं.

असे हे सर तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे, नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेलला आले आणि पहिल्या आठवड्यातच कासावीस झाले. लेक सुचेता आणि जावई सकाळी आठला ऑफिसात जात, नात संहिता कॉलेजात, आणि घरात सर एकटे. शिकवायला कुणी नसलेला मास्तर म्हणजे लाइट गेलेली पिठाची गिरणी. पट्टा केव्हा फिरतो याची नुसती वाट बघायची. धुण्याचं मशीन काम संपलं की एक छोटी धून वाजवायचं. चौथ्या दिवशी सर त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "बाकी बरं आहे, पण तुझा शेवटचा गंधार उतरतो."

सुचेतानं हे पाहिलं आणि तिला वाटलं, बाबांना कुठेतरी गुंतवायला हवं.

संधी संहितामुळे आली. अठरा वर्षांची संहिता रॉटरडॅमच्या एका कॉलेजात संगीताच्या पहिल्या वर्षाला होती. ती चेलो वाजवायची. चेलो म्हणजे सारंगीचा थोरला भाऊ, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. स्वतःच्या खोलीत ती असं वाजवी, की सर जेवता जेवता घास हातात धरून बसत आणि दाराशी जाऊन "च्च, च्च, वा" करत. पण चार माणसांसमोर बसली, की पोरीचे हात बर्फ व्हायचे. जानेवारीच्या परीक्षेत ती तिसऱ्या ओळीला थांबली ती थांबलीच. वाद्य उचललं आणि बाहेर निघून आली. आता जूनमध्ये दुसरी आणि शेवटची संधी होती. त्यात पास झाली तर दुसरं वर्ष. नाही, तर कॉलेज सांगणार, तू दुसरं काहीतरी बघ. स्पष्ट सांगण्याच्या बाबतीत या देशाचा हात कुणी धरू शकत नाही.

संहिताच्या वर्गशिक्षिका होत्या मारलेस. आजोबा संगीतशिक्षक आहेत हे कळल्यावर त्यांनी सरांना फोन केला. "पहिल्या वर्षाच्या मुलांना थोडं मार्गदर्शन कराल का? सराव कसा करावा, स्टेजची भीती कशी घालवावी, असं काहीतरी. मंगळवारी, पंचेचाळीस मिनिटं."

सरांनी त्या रात्री मार्गदर्शनाची बारा पानं लिहून काढली.

"आजोबा, मी नसेन हं वर्गात," संहिता म्हणाली. "त्याच टाइमला माझा चेलोचा लेसन आहे. बट प्लीज, काही एम्बॅरसिंग नको."

"मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलंय, संहिता."

"तेच म्हणतेय."

मंगळवारी सर कोट घालून वर्गात उभे राहिले. समोर बावीस मुलं. बावीसच्या बावीस सरांपेक्षा उंच, आणि सरांना थेट 'मोरेश' म्हणणारी. सरांनी ते पोटात घातलं आणि पहिलं पान काढलं. पहिल्या पानावर होतं, पहाटे चारला उठून खर्ज लावावा.

पहिल्या रांगेतल्या फ्लूर नावाच्या मुलीनं हात वर केला. "आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी सातच्या आत वाजवलं तर शेजारी पोलिसांना बोलावतात."

सरांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर होतं, गायकानं थंड, आंबट आणि तळलेलं वर्ज्य करावं. समोर निम्मी मुलं मेयोनीजमध्ये बुडवून बटाट्याचे तळलेले तुकडे खात होती. सरांनी तेही पान उलटलं. तिसऱ्यावर गुरूच्या घरी राहून सेवा करण्याबद्दल होतं. मारलेसबाई शेजारीच बसल्या होत्या, ते सरांनी आपण होऊन उलटलं. अशी अकरा पानं दहा मिनिटांत संपली. उरलं बारावं. त्यावर एकच ओळ होती, 'आधी ऐकायला शिका.'

इथे मात्र सरांना सूर सापडला.

"वाजवणारा घाबरतो का?" ते म्हणाले. "कारण समोरचे दगडासारखे बसतात. आमच्याकडे ऐकणारा गप्प बसला, तर तो गायकाचा अपमान समजतात. आमच्याकडे ऐकणारा दाद देतो. तीही गाणं चालू असताना."

आणि सरांनी दादेच्या पाच पायऱ्या करून दाखवल्या. पहिली, मान डावी-उजवीकडे हळू हलवायची. दुसरी, जिभेनं 'च्च, च्च' करायचं. तिसरी, मांडीवरचा हात अलगद हवेत उचलायचा. चौथी, 'वा'. आणि पाचवी अगदी ठेवणीतली. डोळे मिटायचे, हात छातीवर, आणि 'अरे अरे अरे'.

वर्ग खूश झाला. बावीस तोंडांतून 'अरे अरे अरे' निघालं, तेव्हा सरांना चिंचवडचं गॅदरिंग आठवून भरून आलं.

फ्लूर सगळं वहीत उतरवत होती. "पण किती वेळानं द्यायची?"

"मनापासून आली की द्यायची."

"हो, पण साधारण किती मिनिटांनी?"

आता, मुलानं प्रश्न विचारला आणि मास्तरांकडे आकडा नाही, असं चौतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. सर म्हणाले, "अर्ध्या मिनिटाला एक धरा."

"आणि पायऱ्या ओळीनं?"

"ओळीनं गेलात तर उत्तमच."

"सगळ्यांनी एकदम?"

"एकदम दिली तर वाजवणाऱ्याला जोर येतो. जितका तो घाबरट, तितकी दाद जास्त द्यावी."

फ्लूरनं शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा पाहून सरांना केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी ते मेट्रोतून दोन स्टेशनं पुढे गेले आणि चालत परत आले.

"काय शिकवलंत?" संहितानं विचारलं.

"ऐकायला."

"बस? ओके. गुड."

परीक्षेच्या दिवशी सकाळी संहिता दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "आजोबा, तुम्ही मागच्या रांगेत बसायचं. आणि 'वा' नाही."

"मान हलवली तर?"

"नाही."

"मनातल्या मनात?"

"आवाज येणार नसेल तर."

सुचेतानं वडिलांच्या हातावर एक लवंग ठेवली. "बाबा, ही दातात धरा. हिची परीक्षा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

कॉलेजचा हॉल छोटा होता आणि शांतता देवळातल्या गाभाऱ्यासारखी. तिथे एका बाईंना शिंक आली, तर ती त्यांनी गिळली. पुढे टेबलाशी तीन परीक्षक होते. त्यांतल्या मुख्य परीक्षकांचा चष्मा कपाळावर आणि पेन हातात. मागे, मैत्रिणीला धीर द्यायला, संहिताचा अख्खा वर्ग आला होता. बावीस मुलं दोन रांगांत ताठ बसलेली. फ्लूरच्या हातात मोबाइल होता आणि त्याच्यावर सेकंद पळत होते. मागच्या रांगेतून सरांना ते दिसलं, पण त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांना वाटलं, किती शिस्तीची पोरं!

संहितानं पहिला सूर लावला. सूर बारीक होता, पण खरा होता. दुसरी ओळ गेली. तिसरी, जिथे जानेवारीत गाडी थांबली होती, तीही गेली. सरांनी लवंग घट्ट धरली.

तिसावा सेकंद. फ्लूरनं बोट वर केलं. बावीस माना एकदम डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

मुख्य परीक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांच्या डोळ्यांना एवढंच दिसत होतं, की एक मुलगी जीव तोडून वाजवतेय आणि तिचा अख्खा वर्ग तिला 'नाही, नाही, नाही' म्हणतोय.

आता सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. मुलांना बोट करून थांबवावं, तर हात उचलणं म्हणजे तिसरी पायरी.

एक मिनिट. "च्च, च्च," बावीस जिभा म्हणाल्या. आपल्याकडे याला रसिकता म्हणतात. तिथे शाळेत गृहपाठ विसरून गेलेल्या पोराला असा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि खाली रेघ मारली.

दीड मिनिट. बावीस हात हवेत गेले.

"थांबा," मुख्य परीक्षक उठले. "वाजवणं थांबवा. आणि हा सगळा वर्ग उभा राहील. एका मुलीला असा त्रास देणं या कॉलेजात चालत नाही. मी हे प्रिन्सिपॉलकडे नेणार आहे."

फ्लूरच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. अजून 'वा' यायचं होतं. 'वा'पर्यंत गाडी पोहोचलीच नव्हती. संहितानं चेलोच्या दांड्यामागे तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ते खांदे सरांनी पाहिले. पोरगी रडतेय. तिसरी ओळ ओलांडलेली पोरगी आपल्यामुळे रडतेय.

सर उभे राहिले. लवंग गिळली.

"मुलांची चूक नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "हे मी शिकवलं."

"तुम्ही कोण?"

"तिचा आजोबा."

मुख्य परीक्षकांनी एकदा संहिताकडे आणि एकदा सरांकडे पाहिलं. "तुम्ही बावीस मुलांना तुमच्या नातीवर जीभ चुकचुकायला शिकवलंत?"

"हो. म्हणजे, कौतुकानं."

"आणि माना?"

"त्याही कौतुकानंच. आमच्याकडे तसंच असतं."

फ्लूर वही घेऊन पुढे गेली आणि तिनं ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, एक ते पाच, वेळेसकट. "पाचवी पायरी, अडीच मिनिटांनी. डोळे बंद, हात छातीवर, अरे अरे अरे. शेवटी टीप. वाजवणारा जितका घाबरट, तितकी दाद जास्त." दोन रेघांसकट तिनं पानही दाखवलं. शेवटी मारलेसबाईंनी उठून सांगितलं, "हे खरं आहे. मी तिथेच होते. मलाही पाचही पायऱ्या पाठ आहेत."

तीन परीक्षकांनी डोकी एकत्र आणली. मग निकाल आला. संहितानं पहिल्यापासून वाजवावं. मुलं थांबू शकतात, पण हात गुडघ्यांवर आणि माना सरळ. "आणि आजोबांनी," मुख्य परीक्षक फार अदबीनं म्हणाले, "कृपा करून बाहेर कॉफी घ्यावी."

सर बाहेर आले. मागे जाड लाकडी दार बंद झालं, तिजोरीच्या दारासारखं. कॉरिडॉरमध्ये कॉफीचं मशीन, एक कुंडी आणि सर. चौतीस वर्षांत त्यांनी कितीतरी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाहेर एवढं गार असतं, हे त्यांना आज कळलं.

त्यांनी दाराला कान लावला. काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. म्हणजे पोरगी वाजवतच नाही. हात पुन्हा बर्फ झाले असणार. पुढच्या शनिवारी आपलं विमान. आपण चिंचवडला जाऊन बसणार आणि इथे ही दुसरं काहीतरी बघत हिंडणार. सर कुंडीला म्हणाले, "बारा पानांतली अकरा उलटली होतीस मोरेश्वर. बारावंही उलटायचं होतंस."

वीसेक मिनिटं झाली असतील. आणि दारातून एक सूर आला. खोल, भरलेला, जमिनीतून वर यावा तसा. आधी एक, मग दुसरा, मग सलग. भीतीचा मागमूस नाही. केवढा धीर आलाय हिच्या हातात! सरांचे डोळे आपोआप मिटले. हात छातीवर गेला. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडातून, अगदी हळू, "अरे अरे अरे."

खांद्यावर कुणीतरी टिचकी मारली.

सरांनी डोळे उघडले. समोर संहिता. अंगात जॅकेट, पाठीवर चेलोची पेटी, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद.

"आजोबा, काय करताय?"

"तू... तू आत वाजवतेयस ना?"

"माझं झालं केव्हाच. मागच्या दारानं रिझल्ट द्यायला नेलं. पास."

"पास?"

"हो ना. त्यांनी थांबवलं तेव्हा मला इतकं हसू आलं, मी चेलोमागे लपले. 'च्च, च्च' ऐकून वाटलं, मी माझ्या रूममध्येच बसलेय आणि तुम्ही दाराशी उभे आहात. आणि याच्याहून वाईट आता काय होणार? मग वाजवलं."

सरांनी बंद दाराकडे पाहिलं. आतून तो खोल सूर येतच होता. "मग हे कोण?"

"ती फ्लूर. तिचा नंबर माझ्यानंतर होता." संहितानं सफरचंदाचा घास घेतला. "आणि तो चेलो नाही, आजोबा. डबल बेस आहे, चेलोचा मोठा भाऊ. चेलो या दारातून ऐकूच येत नाही."

तेवढ्यात सूर थांबला, दार उघडलं आणि आपल्याहून उंच वाद्य सांभाळत फ्लूर बाहेर आली. तिनं सरांचे ओले डोळे पाहिले. छातीवरचा हात पाहिला, तो खाली घ्यायचा राहूनच गेला होता.

"मोरेश," ती हळूच म्हणाली, "पाचवी? माझ्यासाठी?"

सरांनी नातीकडे पाहिलं. नात छताकडे बघत होती.

"पाचवी," सर म्हणाले. दिलेली दाद परत घेत नाहीत.

फ्लूरनं वही काढून ते तारीख-वेळेसह लिहून घेतलं.

सर हल्ली चिंचवडला असतात. भिंतीपलीकडून सूर ओळखण्याचा दावा ते अजूनही करतात, आणि तितक्याच जोरात करतात. फक्त वाक्य संपल्यावर, ऐकणारा उठून जाईपर्यंत थांबून, हळूच पुस्ती जोडतात, "भिंत तेवढी आपल्याकडची हवी."