कडुलिंबापर्यंतचा सर्व्हर

रशीदचाचा माणसांना अरे-तुरे करतात आणि यंत्रांना अहो-जाहो. जवळा बाजार या आमच्या गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. सरपंच स्वतः दळण घेऊन आले तरी चाचा म्हणणार, "ए, डबा तिथं ठेव. रांग दिसत न्हाई का?" आणि गिरणीचा पट्टा घसरला की तिच्यासमोर वाकून, अगदी हळू आवाजात, "काहून रुसले तुमी? सकाळपासून बराबर चालू होते की."

मी एकदा भीत भीत कारण विचारलं. ते म्हणाले, "माणूस दुखावला तर भांडून मोकळा होतो. ह्ये बिचारे कुणाला सांगणार? थोडी इज्जत दिली तर तकलीफ कुणाला हाय?"

'तकलीफ कुणाला हाय' हे त्यांचं पालुपद. मंगलमावशीच्या ज्वारीत चुकून दुसऱ्याचे गहू पडले, तेव्हाही ते हेच म्हणाले होते. "भाकरी मऊ व्हईल. तकलीफ कुणाला हाय?" कुणाला आहे, ते मावशींनी त्या दिवशी गल्लीभर ऐकवलं.

मी हिंगोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कुणाचा मोबाईल अडकला किंवा टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी मलाच हाक येते. मला त्यातलं निम्मं येत नाही. पण येत नाही म्हणायची अजून सवय झालेली नाही.

चाचांची हाक आली ती वेगळ्या कामासाठी. गावात घरोघरी घरघंट्या आल्या होत्या. गिरणीसमोरचा लाकडी बाक, जिथे पूर्वी बसायला जागा मिळत नसे, तिथे आता शेळी बसायची. "पोरी, गिऱ्हाईक तुटून राहिलं," चाचा म्हणाले. "तुझ्या कॉम्प्युटरात काही इलाज हाय का?"

योगायोगाने सरांनी आम्हाला जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर करायला सांगितला होता. चाचांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, आणि व्हिडिओ कॉलसाठी त्याने वायफायही बसवून दिलं होतं. मी ठरवलं, गिरणीच्या नंबरांचा एक प्रोग्राम लिहायचा आणि सर्व्हर त्याच्या पोटातच बसवायचा. कुणाचं दळण चालू आहे, पुढे कोण, सगळं लोकांना मोबाईलवर दिसेल.

"सर्व्हर म्हणजे कोण?" चाचांनी विचारलं.

"एक प्रोग्राम, चाचा. कुणी विचारलं की उत्तर देतो. विचारलं नाही तर गप्प बसतो."

"म्हणजे खानदानी हायेत. पोटात मावतात म्हणजे लहान असतील?"

"थोड्याच ओळींचा."

"मग मोबाईलात टाकायच्या पत्त्याच्या शेवटी ह्ये तीन हजार काय हाय?"

"ते पोर्ट. म्हणजे दार समजा."

चाचांनी लॅपटॉपकडे फार आदराने पाहिलं. "एवढंसं घर अन् तीन हजारावं दार! माझ्या गिरणीला एकच हाय, तेबी लागत न्हाई."

पीठ उडू नये म्हणून त्यांनी लॅपटॉपला फळीवर जागा दिली आणि वर धुतलेला टॉवेल घातला. त्याचं नाव पडलं 'पाहुणे'. दुपारी चाचा जेवायला गेले की पाहुणे बंद. मी सांगितलं, सर्व्हर बंद करायचा नसतो. "दम खाऊ दे की त्येनला. तकलीफ कुणाला हाय?"

पानावर काय लिहायचं ते चाचाच सांगत, आणि मी संकोचाने तसंच टाकत असे. 'सध्या: मंगलची ज्वारी. खडे निवडलेले न्हाईत. पुढं: पठाणचे गहू. चार वेळा विचारून गेला.' कुणी चुकीचा पत्ता टाकला तर दिसायचं, 'असलं काही इथं न्हाई. नीट बघ.'

यात एक अडचण होती, आणि ती मी पहिल्याच दिवशी सांगितली होती. हे सगळं फक्त चाचांच्या वायफायवर दिसणार. आणि ते वायफाय समोरच्या कडुलिंबापर्यंतच पोचत होतं.

"कडुलिंबापर्यंत तर कडुलिंबापर्यंत," चाचा म्हणाले.

त्यामुळे झालं असं, की गिरणीवर गर्दी आहे का ते पाहायला लोक गिरणीवर यायला लागले. पाहायला आल्यामुळे गर्दी व्हायला लागली. आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायला, ज्यांच्या घरी घरघंटी होती तेही डबे घेऊन यायला लागले. शेळीला बाक सोडावा लागला.

"अवो चाचा," मंगलमावशी म्हणाल्या, "रांग डोळ्यानं दिसून राहिली की! मोबाईल कशाला पाहिजे?"

"डोळ्याला नंबर दिसतो का? बस तिथं."

"अन् माझ्या ज्वारीत खडे कुठं हायेत?"

"पाहुणे म्हणतात हायेत. ते झूट बोलत न्हाईत."

मावशी भांडत भांडत बसल्या आणि दळण झाल्यावरही भांडण संपेपर्यंत उठल्या नाहीत.

सरांनी प्रोजेक्ट पाहिला आणि हसले. "अगं, घरबसल्या दिसलं पाहिजे. नाहीतर उपयोग काय?" मला फार लाज वाटली. मी आठवडाभर खटपट केली आणि पान बाहेरूनही उघडेल अशी सोय जोडली. आता सेनगावात बसूनही मंगलमावशीची ज्वारी दिसत होती. माझी परीक्षा संपेपर्यंत मला गिरणीकडे जायला जमलं नाही; नावं टाकून नंबर पुढे सरकवायला चाचा एव्हाना स्वतःच शिकले होते. पण लोक रस्त्यात थांबवून सांगत, "लई सोय केली बाई तू." मी हरखून जात होते.

परीक्षा संपल्यावर गेले. गिरणी जोरात चालू होती. डब्यांची रांग भिंतीपर्यंत होती. आपला नंबर दिसला की माणूस येई, डबा उचली आणि गाडीला किक मारी. बाकावर शेळी होती.

चाचा आत, पाहुण्यांसमोर बसले होते. पान कुणीही उघडलं की लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक ओळ उमटते. चूक सापडावी म्हणून मीच ती सोय ठेवली होती. ओळ उमटली. चाचा म्हणाले, "या, बसा."

आणखी एक उमटली. "या. च्या घेता का?"

मला पाहून ते जरा ओशाळले. "ह्ये येतात अन् लगेच जातात," ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले. "कोन हाय तेबी सांगत न्हाईत."

मी म्हणाले, "चाचा, पण गिऱ्हाईक तर वाढलं ना?"

"वाढलं की. डबे लई येऊन राहिले." त्यांनी टॉवेलवरचं पीठ झटकलं. "पोरी, ते पहिल्यासारखं करता येतं का? कडुलिंबापर्यंत?"

"येतं. पण लोकांची सोय झालीय. घरबसल्या दिसतंय. तकलीफ कुणाला आहे?"

हे माझ्या तोंडून सवयीनेच निघालं. चाचांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"मला हाय," ते म्हणाले.

मी जोडलेली सोय काढून टाकली. काढायला फारसा वेळ लागला नाही. सरांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

थोड्याच वेळात मंगलमावशी तणतणत आल्या. "सकाळी घरून दिसत होतं. आता काहून दिसंना?"

"तब्येत बरी न्हाई त्येंची," चाचा फळीकडे पाहत म्हणाले. "इथं बस, म्हणजे दिसल."

त्यांनी बाहेर येऊन शेळीला हाकललं आणि बाक स्वतःच्या टॉवेलने पुसला. मग आत वाकून पाहुण्यांना बारीक आवाजात म्हणाले, "माफ करा. खोटंच तुमचं नाव घ्यावं लागलं."