सुकडीचे लाभार्थी

बाभळीच्या फांदीला टांगलेला तराजू एक. लोखंडी वजनं सहा, त्यांतलं दोन किलोचं गंजलेलं. सुकडीची पोती चार. ॲल्युमिनियमच्या वाट्या चाळीस. पाच वर्षांखालची मुलं एकतीस, पैकी रडणारी नऊ. आणि सावलीत, जीपमधून काढलेल्या गादीवर टेकलेले उपसंचालक वळसंगकर साहेब, एक.

वेणीमाधवनं सगळं पुन्हा मोजलं. तेवढ्यात रडणारी अकरा झाली होती.

त्र्याहत्तरचा मार्च होता. मैंदर्गीच्या पुढं पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. बाया खडी फोडत आणि त्यांच्या पोरांना सरकार भाजलेल्या पिठाची पौष्टिक सुकडी देई. ती सुकडी पोरांच्या अंगी लागते की नाही, हे तपासायला सरकारला आता एक वरिष्ठ मूल्यमापन अधिकारी हवा होता. वेणीमाधवला त्या पदासाठी अर्ज करायचा होता आणि जाहिरातीत चार पात्रता होत्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी.: होती. पहिला वर्ग: होता. कानडी कामापुरतं: वेणीमाधवला कानडीत पाणी मागता येत होतं. चौथी मात्र डोक्याला ताप होती. वरिष्ठ अधिकाऱ्यासमक्ष एका मदतकेंद्राचं स्वतंत्र मूल्यमापन केल्याचा दाखला हवा होता. अर्जाची मुदत उद्या संपत होती आणि साहेब आज दुपारीच मुंबईला निघणार होते.

"करा सुरू," साहेब म्हणाले. "मी नुसता बघणार. मी तोंड घातलं तर ते स्वतंत्र राहायचं नाही."

कामावरच्या बाया सुट्टीत वजन बघायला जमल्या होत्या. वेणीमाधवनं त्यांतल्या गुरम्माची मुलगी एका पारड्यात बसवली आणि दुसऱ्यात पाच किलोचं वजन ठेवलं. त्याबरोबर काशम्मा ओरडली. बाया कामावर गेल्या की सगळी पोरं ही म्हातारी सांभाळायची.

"थांब रे यप्पा! लोखंडानं तोलतोस व्हय लेकराला? भंगार हाय का ते?"

"आजी, नुसतं वजन बघायचंय."

"बघ की! पर पोर पारड्यात बसलं म्हंजी नवस फेडायचा. समोर गूळ पायजे."

"हा नवस नाही हो, सर्वेक्षण आहे."

"आसंना का. तुज्या त्या सर्वेक्षणाला गूळ चालत न्हाय व्हय?"

वेणीमाधवनं विचार केला. शास्त्राची हरकत नव्हती. पोर गुळानं तोलायचं, मग तो गूळ लोखंडानं. उत्तर तेच. कामापाशीच सिद्धलिंगप्पानं झोपडीवजा दुकान टाकलं होतं. वेणीमाधवनं स्वतःच्या खिशातून एक ढेप आणली, विळ्यानं फोडली, पारडी समान केली. नऊ किलो दोनशे ग्रॅम. साहेबांनी मान डोलावली.

वेणीमाधवनं मुलीला उतरवून तिथं भिमा नावाच्या पोराला बसवलं.

"आँ?" काशम्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हिचा गूळ त्याला? उष्टा?"

"उष्टा कसा? कुणी खाल्लाय?"

"मंग खाऊ दे की! आदी वाट समद्यांला. पारड्यातला गूळ माघारी फिरला तर पोर वाढत न्हाय."

पोर वाढतं की नाही हेच तर मोजायचं होतं. वेणीमाधवनं आशेनं साहेबांकडं पाहिलं. साहेब तलावाच्या भरावाकडं अतिशय स्वतंत्रपणे पाहत होते.

गूळ वाटला. भिमासाठी दुसरी ढेप आली. तो दांडगा निघाला, त्या ढेपेला तिसरीचा तुकडा जोडावा लागला. दहा किलो आठशे. तोही गूळ वाटला. तिसऱ्या मुलाचे साडेआठ किलो झाले आणि सिद्धलिंगप्पानं हात वर केले.

"गूळ सपला, सायेब. मीठ हाय पोतंभर. चालतंय का इचारा."

"मिठानं?" काशम्मा कडाडली. "वैऱ्याचं पोर हाय का?"

"मग उरलेली अठ्ठावीस लोखंडानं तोलू द्या, आजी. पाया पडतो."

आता त्या तिघांच्या आया सोडून बाकी सगळ्या आया पुढं सरसावल्या. "तिगांला गूळ आन् आमच्यांला लोखंड? आमची पोरं काय रस्त्यावर घावली?" त्यांनी आपापलं पोर काखेला मारलं. तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली आणि बाया पोरं काशम्माकडं सोडून खडीकडं गेल्या.

सुकडीची वेळ झाली. परात भरली, वाट्या मांडल्या. नियमाप्रमाणं सुकडी केंद्रावरच बसून खायची होती, पदरात बांधून न्यायची नव्हती. पण गुळानं चिकट झालेली एकतीस पोरं पाण्याच्या टँकरमागं धावत सुटली होती.

"अरे, सुकडी!" वेणीमाधव त्यांच्यामागं पळाला.

"नगं!" भिमा लांबूनच ओरडला. "तोंड गोडमिट्ट झालंय!"

तो घाम पुसत परत आला तेव्हा साहेब ड्रायव्हर हरिबाशी बोलत होते.

"डबा कुठाय?"

"डाकबंगल्यावरच ऱ्हायला, सायेब."

साहेब बराच वेळ परातीकडं बघत राहिले. "कशी लागते हो ही?"

"ते आपल्या तपासणीत येत नाही, सर."

"यायला हवं," म्हणून साहेबांनी वाटी उचलली. हरिबानं दुसरी घेतली. मग साहेबांनी आणखी एक घेतली.

"सर," वेणीमाधव रडकुंडीला येऊन म्हणाला, "वजनं तीनच झाली. माझा दाखला..."

"दाखला वजनांचा नाही, मूल्यमापनाचा. आज केंद्रावर काय घडलं, किती जणांनी लाभ घेतला, ते लिहा. खरं लिहा. या पदाला पात्रता तेवढीच लागते."

वेणीमाधवनं अहवाल लिहायला घेतला आणि लाभार्थ्यांपाशी अडला. खरं लिहिलं तर सही जाणार होती. खोटं लिहिलं तर ती सही कशाची, हे त्यालाच कळेना. त्यानं हरिबाला हळूच वय विचारलं, ते अठ्ठेचाळीस निघालं, डोळे मिटून दोन ओळी लिहिल्या आणि कागद पुढं केला.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचून बोटांवर उलटा हिशेब केला. चेहरा लाल झाला.

"छप्पन्न? माझं वय छप्पन्न हे कुणी सांगितलं?"

"अंदाज, सर."

"मूल्यमापनात अंदाज? पंचावन्न! भागाकार नव्यानं करा."

वेणीमाधवनं भागाकार केला. साहेबांनी ओठाला चिकटलेली सुकडी पुसली आणि अहवालावर, मग दाखल्यावर सही केली. अहवालाच्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

केंद्रावर सुकडी खाल्लेले लाभार्थी: दोन.

सरासरी वय: एक्कावन्न वर्षे सहा महिने.