किटलीपुढचा सातवा आकडा

एका नामांकित कंपनीने एक जुना व्हिडिओ गेम विकत घेतला आणि त्यातल्या किटलीचा अर्थ लावण्यासाठी समिती नेमली.

गेममध्ये एक छोटं गाव होतं. ते एकाच माणसाने, स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत बसून, कित्येक वर्षं खपून उभं केलं होतं. गावातल्या प्रत्येक वस्तूची एक फाइल होती. फाइलीत वस्तूचं नाव आणि त्यापुढे सात आकडे. कुठला आकडा कशाचा, हे त्याने कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं, आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत तोही होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

आता अडलं, तेव्हा कंपनीने त्याच्या मुलीला बोलावून घेतलं. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. बाबांच्या गेमशी तिचा संबंध त्यांना जेवायला हाका मारण्यापुरताच होता.

"सहा आकडे आम्ही लावलेत, ताई," वस्तू-विभागाचे प्रमुख म्हणाले. "ऐरणीला पहिला आकडा नव्वद, पिसाला एक. म्हणजे ते वजन. दुसरा आकडा काचेच्या वस्तूंना एक, लोखंडी वस्तूंना शून्य. म्हणजे तुटतं की नाही. असं करत करत सहापर्यंत आलो. सातवा मात्र दाद देत नाही. किटलीला नऊ, फाटकाला सहा, खिडकीला पाच. राजवाड्याला शून्य. सिंहालाही शून्य!"

"मग किटलीचा नऊ बदलून बघा ना, काय होतं ते."

कुणीतरी भर सभेत शिवी दिल्यासारखे सगळे टेबलाकडे बघू लागले.

"तसं करता येत नाही," चाचणी अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "चाचणी घ्यायची तर अपेक्षित निकाल आधी नोंदवावा लागतो. आकड्याचा अर्थ माहीत नसेल तर निकाल अपेक्षिता येत नाही."

"आणि चाचणी घेतल्याशिवाय अर्थ कळणार नाही."

"बरोब्बर!" तो खूश होऊन म्हणाला. "तुम्हाला लगेच समजलं. आमच्या नव्या लोकांना महिने लागतात."

"अर्थ लागलाच नाही तर?"

"शुक्रवारी आकडा गाळायचा. अनोळखी रकाना पुढे न्यायचा नाही, असं धोरण आहे."

बाबांनी गावातल्या एकेका वस्तूला तो आकडा आपल्या हाताने बसवला होता. तो काय होता हे कळायच्या आत पुसला जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते तिने मांडलं नाही. चहा नको म्हणाली आणि समितीत बसली.

विक्री विभागाने पहिल्याच बैठकीत निकाल लावला: आकडा आहे म्हणजे किंमतच असणार. त्याप्रमाणे नव्या आवृत्तीत राजवाडा फुकट झाला आणि किटली गावातली सर्वांत महाग मालमत्ता ठरली. हे पटेना, म्हणून सुरक्षा विभागाने आकडा धोक्याच्या पातळीचा आहे असं मत दिलं. लगेच अंमलबजावणी झाली. गावकरी किटली दिसताच किंचाळत पळू लागले, खिडक्यांना वळसे घालू लागले आणि सिंहाच्या पाठीवर निवांत हात फिरवू लागले. प्रमुखांनी या प्रगतीबद्दल विभागाचं अभिनंदन केलं.

गुरुवारी ती आईकडे गेली. मागच्या खोलीत बाबांचा संगणक होता तसाच होता. आई दारात शेंगा सोलत बसली होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली,

"अगं, मग इथे तुला कोण अडवतंय? बदल की!"

तिने किटलीच्या नऊचे नव्वद केले आणि गेम सुरू केला. गेममधल्या गावाचा पोस्टमन एका स्वयंपाकघरात आला. किटलीसमोर उभा राहिला. उभाच राहिला. खांद्यावर टपालाची पिशवी तशीच. मागून टपाल मागायला शिंपी आला, तोही किटली बघून थबकला. मग डॉक्टरीणबाई. बघता बघता दारापर्यंत रांग लागली.

"बंद पडलं वाटतं गं," आई म्हणाली.

"नाही. थांबलेत."

तिने शून्य घातलं. पोस्टमन किटलीकडे ढुंकूनही न बघता निघून गेला. मग खिडकी, मग फाटक. प्रत्येक वेळी तेच. कुठल्या वस्तूपाशी माणसाने किती रेंगाळायचं, त्याचा तो आकडा होता.

"किटलीला नऊच?" आई फणकारली. "हा माणूस पाणी पार आटेपर्यंत त्या शेगडीपुढे उभा असायचा. वर मलाच विचारायचा, चहा झाला का म्हणून!"

मग ती पुन्हा शेंगांकडे वळली आणि बराच वेळ एकच शेंग सोलत राहिली.

शुक्रवारी मुलीने समितीला अर्थ सांगितला. चाचणी अधिकाऱ्याचा चेहरा पडला. "निकाल आधी आणि अपेक्षा नंतर? असं कसं चालेल?" अखेर 'अपेक्षित निकाल: जो लागेल तो' असा ठराव झाला आणि त्याच्या जिवात जीव आला.

"फारच छान," प्रमुख म्हणाले. "थांबल्यावर मिळतं काय?"

"काही नाही."

"नाणी? गुण? निदान एखादं पदक?"

"नाही. उभं राहायचं. मग जायचं."

"अहो ताई, लोक पळून जातील!"

तरीही कंपनी लोकांना विचारल्याशिवाय काही करत नसे, म्हणून पाहणी झाली. निकालाने सगळे चाट पडले. आयुष्यात नेमकं हेच हरवलंय, असं झाडून सगळ्यांनी लिहिलं. काहींचे डोळे भरून आले. कंपनीने सातवा आकडा जसाच्या तसा ठेवायचं ठरवलं. घाईत असणाऱ्यांची गैरसोय नको, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात 'थांबणे वगळा' असं एक छोटंसं बटण तेवढं दिलं.

मुलीने घरी फोन करून सांगितलं, "आई, राहिला गं आकडा."

"नऊच ठेवलेत ना? बघ, वाढवून मिळतात का," आई म्हणाली.

गेम बाजारात आला आणि गाजला. घटकाभर थांबण्याच्या सौंदर्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, एकमेकांना पाठवली. कंपनीच्या नोंदी मात्र असं दाखवतात की लिहिणाऱ्यांतल्या जवळपास प्रत्येकाने, किटलीतलं पाणी कुजबुजायला लागायच्या आतच ते बटण दाबलं होतं.

तुम्ही त्यांतले नाही, हे उघडच आहे. तुम्ही फक्त ही गोष्ट केवढी आहे ते आधी शेवटाला जाऊन बघून आलात.