पाताळातला पाणीपुरवठा

"लाज कसली त्यात? खेळ म्हणजे खेळ! द्या माझ्याकडे, मी करते परीक्षण!" सूनबाईने फोनवर ठणकावून सांगितलं. आणि सांगून झाल्यावर सासूबाई स्वयंपाकघरातच आहेत ना, याची मान लांब करून खात्री करून घेतली.

सूनबाई संगणकावरच्या खेळांची परीक्षणं लिहायची. खेळायचं, बलस्थानं सांगायची, उणिवा सांगायच्या आणि मग वाचकांची बोलणी खायची, असं ते काम. लग्नाआधी तिने भल्याभल्या राक्षसांना लोळवलं होतं. पण पिल्लू जन्माला आलं आणि संकेतस्थळाच्या संपादकांनी तिला उचलून बालविभागात बसवलं. "तुम्ही आता आई झालात, तुम्हाला बरोब्बर जमेल!" तेव्हापासून ती सशाला गाजर भरवत होती. त्या खेळाचं बलस्थान एकच, की ससा गाजर खातो. उणीवही तीच.

अशात 'फक्त प्रौढांसाठी' या विभागाची जागा रिकामी झाली आणि सूनबाईने आपलं घोडं पुढे दामटलं.

"बघा हं," संपादक म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत 'पाताळराणी'चं परीक्षण हवं. बलस्थानं आणि उणिवा, नीट. इतरांचं सगळं लिहून झालंय, त्यापेक्षा काहीतरी वेगळं पाहिजे. जमलं तर प्रौढ विभाग मार्गी लागला. नाही जमलं तर आपला ससा आहेच!"

'पाताळराणी' हा तीन मित्रांनी घरच्या घरी बनवलेला खेळ. जातकुळी मेट्रॉइडव्हेनियाची. म्हणजे एक भलामोठा भूलभुलैया, त्यात शंभर बंद दारं. दारापर्यंत जायचं, हात हलवत परत यायचं, दुसरीकडे कुठेतरी उंच उडीची नाहीतर भिंत फोडायची शक्ती मिळाली की पुन्हा त्याच दाराशी यायचं. थोडक्यात, किल्ली घरात विसरलेल्या माणसाचा अख्खा दिवस! यात भर एवढीच, की नायिकेला फटका बसला की तिच्या अंगावरचं एक वस्त्र गळून पडायचं. आणि त्या पाताळात फटके काही कमी नव्हते.

आता प्रश्न जागेचा. झोपायच्या खोलीत नेटवर्क येत नव्हतं. यायचं ते फक्त बैठकीच्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी. टेबल भिंतीला पाठ लावून फिरवलं असतं तर पडदा कुणाला दिसला नसता. पण मग बाल्कनीचं दार सूनबाईला दिसलं नसतं, आणि पिल्लाला नुकतीच त्या दाराची कडी खुणावू लागली होती. सूनबाई अशा बाबतीत फार दक्ष. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिने स्पंज चिकटवला होता, पिल्लू जिथे कधीच पोचणार नाही त्या कपाटाच्या माथ्यालासुद्धा! तेव्हा टेबल होतं तसंच राहिलं. सूनबाईचं तोंड दाराकडे, पडदा मात्र साऱ्या घराकडे.

पण खेळ बनवणारे मित्रही बहुधा एकत्र कुटुंबातलेच असावेत. त्यांनी एक बटण ठेवलं होतं. त्याचं नावच 'कुणी आलं!' ते दाबलं की नायिका गायब आणि पडद्यावर एक रटाळ तक्ता हजर: 'पाणीपुरवठा योजना, वाहिन्यांचा आराखडा.' निळ्या रेघा, टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, आकडे. तो बघून कुणीही जांभई देत निघून जावं. सूनबाईने बटण पंधरा-वीसदा दाबून पाहिलं आणि तिच्या जिवात जीव आला. बलस्थान क्रमांक एक!

दोन दिवस झकास गेले. उडी मारणं इतकं रेशमी, की बोटांना सुख वाटावं. संगीत छान. लढाया चुरशीच्या. उणिवाही सापडल्या. खेळ जिथे जतन करता येतो ते दिवे एकमेकांपासून इतके लांब, की दोन भांडलेले भाऊच! नकाशा तर एखाद्याने चालत्या बसमध्ये काढल्यासारखा. आणि नायिका कितीही उघडी पडली तरी तिच्या चेहऱ्यावर भाव एकच, दंतवैद्याकडे नंबर लावून बसलेल्या बाईसारखा.

पण हे सगळं इतरांनीही लिहिलं होतं. वेगळं काय लिहायचं? शुक्रवारी दुपारी सूनबाई शेवटच्या मजल्याकडे नेणाऱ्या एका दगडी दारापुढे अडकून बसली होती. ते दार आजवर कुणालाच उघडता आलं नव्हतं. दार उघडण्याच्या नादात नायिकेची बरीच पडझड झाली होती. एवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. सूनबाईने बटण दाबलं.

"काय गं हे?" सासूबाई पिल्लाच्या गळ्यात लाळेरं अडकवत थांबल्या.

"काही नाही आई, ऑफिसचं काम. पाण्याच्या पाइपांचं."

बस्स! एवढंच ती बोलली. पण सासरे पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेत, हे बोलायच्या आधी आठवायला हवं होतं. ते तिला बोलून झाल्यावर आठवलं.

"अहो!" सासूबाई आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "ऐकलंत का? सूनबाईला तुमच्या लायनीतलं काम मिळालंय!"

निवृत्तीनंतर सासऱ्यांना पाण्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. घरातला नळ गळला तरी मुलगा परस्पर प्लंबरला बोलवायचा. तो माणूस दुपारच्या झोपेतून उठून, चष्मा पुसत, खुर्ची ओढत आला आणि पडद्यापुढे असा बसला, की जणू पाहुणे जेवायला बसले!

"बाबा, तुम्ही झोपा ना. किरकोळ काम आहे."

"किरकोळ? हे किरकोळ?" सासरे पडद्याला नाक लावून म्हणाले. "हा गाढवपणा कुणी केलाय? टाकी खाली, वस्ती वर, आणि पंप? पंप टाकीच्याही पलीकडे! पाणी काय शिडी लावून चढणार आहे?"

"ते नंतर दुरुस्त करणार आहेत, बाबा."

"कोण दुरुस्त करणार? ज्यांनी हे काढलं तेच? सूनबाई, अगं दक्षिण विभागात तीन दिवस पाणी नसेल!"

"कुठल्या दक्षिण विभागात, बाबा?"

"इथे लिहिलंय की! लोकांनी अंघोळी करायच्या की नाही?"

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळ जवळ येत होती, परीक्षणाचा शेवट कोरा होता आणि तक्ता बंद करावा तर त्याच्यामागे नायिका उभी होती, ती कुठल्या अवस्थेत हे सूनबाईला चांगलं ठाऊक होतं. अख्खं यंत्रच बंद करावं म्हटलं, तर शेवटचा दिवा मागे राहिलेला, सकाळपासूनची मेहनत वाया!

तिने नवऱ्याला गुपचूप फोन लावला. "अहो, बाबांना काहीतरी कामाला लावा ना! बाहेर बोलवा कुठेतरी!"

"का? काय करतायत?"

"माझ्या शेजारी बसलेत."

"मग बसू दे की! तेवढाच त्यांचा वेळ जातो." आणि नवऱ्याने मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

ती वळून पाहते तर सासऱ्यांच्या हातात माउस! "बाबा, नको!" पण तोवर त्यांनी एका व्हॉल्व्हवर टिचकी मारली होती. आणि व्हॉल्व्ह फिरला! करकर असा आवाजसुद्धा झाला.

सूनबाई थक्क. दोन दिवसांत तिने या तक्त्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. तिनेच काय, कुणीच पाहिलं नव्हतं! जो तक्ता लपण्यासाठी असतो, त्याच्याकडे बघत कोण बसतो?

"हा बंद," सासरे पुटपुटत होते, "हा अर्धा उघडा. पंप इकडे ओढायचा. हं! आता दाब बघ. अगं, बघतेयस का?"

"बघतेय ना!" सासूबाई पिल्लाला कडेवर घेऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. "तुमचं काम कधी असं जवळून बघायला मिळालं नव्हतं हो."

"आता हा शेवटचा. मुख्य व्हॉल्व्ह. सोडतो हं पाणी!"

सोडलं. पडद्यावरच्या सगळ्या रेघा सरसर निळ्या झाल्या, गडगडाट झाला, आणि तक्ता नाटकाच्या पडद्यासारखा दुभंगून बाजूला सरकला. मागे धो धो वाहणारं पाणी, सताड उघडलेलं ते दगडी दार, दारापलीकडे पाताळाचा शेवटचा मजला. आणि दारापुढे नायिका. तिच्या अंगावर त्या घटकेला एक शिरस्त्राण तेवढं होतं.

पिल्लाने अंगठा तोंडातून काढला.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या.

"उघडलं!" सासरे म्हणाले.

"अहो, काय उघडलं म्हणता? लाज नाही वाटत?"

"दार म्हणतोय मी! दार! दाब बरोबर बसला म्हणून दार उघडलं!"

"तुम्ही दाराकडे बघताय?"

"मग आणखी कशाकडे बघणार?" सासरे मनापासून चिडले. एकतीस वर्षं त्या माणसाने ज्या वस्तूंकडे पाहिलं होतं त्या सगळ्या लोखंडाच्या होत्या. त्यांचा तरी काय दोष?

सूनबाईला वाटलं, बाल्कनीचं दार आपणच उघडावं आणि निघून जावं. "आई, तसं नाही... हा खेळ आहे... म्हणजे मला याच्या उणिवा... बलस्थानं..." तिच्या वाक्यांचा भूलभुलैया झाला.

सासूबाईंनी मात्र वेळ घालवला नाही. त्यांनी पिल्लाच्या गळ्यातलं बदकाचं चित्र असलेलं लाळेरं ओढून काढलं आणि ते दोन्ही हातांनी नायिकेपुढे धरलं. "हं. आता बोल. काय आहे हे?"

सूनबाईने सगळं सांगितलं. ससा, प्रौढ विभाग, संध्याकाळची मुदत. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आजच्या आज संपवायचं आहे ना? मग बोलत काय बसलीस? खेळ! मी झाकते."

पुढचा तासभर त्या घरात जे झालं ते बाहेर कुणी पाहिलं नाही, हे बरंच झालं. सूनबाई खेळत होती. सासरे दर दोन मिनिटांनी "तक्ता आण!" असं फर्मान सोडून वरच्या मजल्यांचं पाणी वळवत होते, आणि दर वळणाला एक नवं दार उघडत होतं. आणि सासूबाई लाळेरं धरून नायिकेच्या मागे! नायिकेने उडी मारली की लाळेरं वर, ती घसरली की लाळेरं खाली. नायिका वेलीला लोंबकळली तेव्हा सासूबाई खुर्चीवर चढल्या.

"आई, मला समोरचा राक्षस दिसत नाहीये!"

"राक्षस दिसू दे नाहीतर न दिसू दे, हिची अब्रू आधी!"

"अगं, तू त्या व्हॉल्व्हवर हात आणलास!"

"तुमच्या व्हॉल्व्हला कपडे आहेत ना? मग गप्प बसा!"

लाळेऱ्यामागे राक्षसाने सूनबाईला चार वेळा मारलं. पाचव्यांदा सासऱ्यांनी वरच्या टाकीचं सगळं पाणी त्याच्या गुहेत सोडलं आणि राक्षस न लढताच बुडाला. नायिका जिंकली. बक्षीस म्हणून तिला अंगभर झगा मिळाला. सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकून हात खाली घेतले. "दुखायला लागले गं बाई. आधीच दिला असता झगा तर काय बिघडलं असतं?"

सूनबाईने परीक्षण लिहायला घेतलं. बलस्थानं लिहिली: उडी, संगीत, आणि कुणाच्याही लक्षात न आलेला, तक्त्यात दडवलेला पाताळाचा पाणीपुरवठा. उणिवा लिहिताना तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय खटकलं?"

सासऱ्यांनी बराच विचार केला. "पाण्याचं काम उत्तम आहे. पण मधेमधे ती बाई येते ना, तिचं प्रयोजन कळलं नाही. कामात व्यत्यय येतो."

सूनबाईने ते जसंच्या तसं लिहिलं. खाली प्रामाणिकपणे हेही लिहिलं, की शेवटच्या मजल्याचा शोध तिचा नसून तिच्या सासऱ्यांचा आहे. हे ठेवावं की खोडावं यावर तिने नखं कुरतडली, दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं, आणि मुदत संपता संपता डोळे मिटून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संपादकांचा फोन आला. "अहो, कमाल केलीत! सगळं ऑफिस हसून लोळलंय! खेळ बनवणाऱ्यांचा निरोप आला, म्हणतात तो मजला कुणाला सापडेल अशी आशाच आम्ही सोडली होती!"

"थँक्यू सर!" सूनबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. "मग तो प्रौढ विभाग..."

"नक्की केला! एवढ्या तटस्थपणे हे खेळ बघणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तुमचे सासरे आहेत का घरात? त्यांना जरा फोन देता?"

सूनबाईने फोन दिला. सासरे उभं राहून बोलले, अर्जाचं काय, रजा किती, असं सगळं रीतसर विचारलं आणि फोन परत करून थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. चष्मा पुसला. पडदा सरळ केला.

"सूनबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "आता पिल्लाला घेऊन जरा आत जा. लहान मुलांसमोर हे बरं दिसत नाही."