साथीचा गवई

"श्रावण, नीट ऐक. नागपूरच्या मोटारीतून गवई उतरतीन. त्यांले दमणीत बसवजो, पेटी असन तं ती आपल्या हातानं उचलजो आन थेट माह्या घरी आनजो. समजलं?"

"समजलं जी. पन वळखाचं कसं?"

"विचारजो ना, तुमीच गवई का म्हनून! त्यात काय!"

हरिभाऊ वांदिले मास्तरांनी एवढं सांगितलं आणि श्रावणनं बैल जुंपले. गवयाचं सालपेकरबुवा हे नाव सांगायचं मास्तरांना सुचलंच नाही. चिंचकाठीच्या फाट्यावर दिवसभरात उतरून उतरून गवई उतरणार किती? मास्तरांचा हिशेब चुकला तो इथंच. कारण आपल्या विदर्भाकडे गवई हे जसं गाणाऱ्याला म्हणतात, तसं ते चांगलं घरोघरचं आडनावही आहे, आणि ते लावणारे सगळेच गातात असं काही नाही.

चिंचकाठी धाम नदीवरचं गाव, पवनारच्या खालच्या अंगाला. दर वैशाखात नदीकाठची गावं मिळून कलेचा आणि गाण्याचा उत्सव करत. नदीकाठचा उत्सव म्हणायचं, पण वैशाखात नदीला पाणी ते किती? गुरांचे खूर बुडतील एवढं. बाकी सगळी वाळू. त्या वाळूतच मांडव पडायचा. एका गावी दंडारीचा नाच, दुसऱ्या गावी खडी गंमतीचा तमाशा, शाळेच्या पोरांची चित्रं, बायांच्या रांगोळ्या आणि शेवटच्या संध्याकाळी गाणं. ही शेवटची संध्याकाळ मानाची. यंदा ती चिंचकाठीकडे होती, आणि पल्याडच्या काठावरचे रूपराव पाटील ती पुढच्या साली ओढून न्यायला टपून बसले होते. "मास्तर गवई आनते म्हन्ते! येईन तवा पाहू," असं ते येताजाता कोणालाही ऐकवत.

मास्तरांना गावाच्या मानाचं पडलं होतंच. पण त्यांचा जीव अडकला होता पेटीत. भजनात पेटी वाजवून वाजवून त्यांचे केस पांढरे व्हायला आले होते. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, खऱ्या गवयाच्या साथीला बसायचं, मग डोळे मिटले तरी चालतील, असं त्यांनी यशोदाबाईंना किती वेळा सांगितलं असेल! महिनाभर त्यांचा रियाज चालला होता.

"तुमचं होईन तवा होईन," यशोदाबाई म्हणत, "पन त्या आवाजानं म्हैस दूध चोरून राह्यली, तिचं काय?"

इकडे फाट्यावर मोटार थांबली आणि एकच माणूस उतरला. पांढरा पायजमा, खाकी कोट, डोक्यावर टोपी, हातात चौकोनी पेटी.

"तुमीच गवई का जी?"

"हो, मीच गवई."

झालं! श्रावणनं पेटी उचलली. आलेला माणूस होता जयवंता गवई, सरकारी आरोग्य खात्यातला लस टोचणारा. खालच्या अंगाच्या दोन-तीन गावांत पटकीचे रोगी निघाले होते, आणि चिंचकाठीला उत्सवाची गर्दी होणार म्हणून खात्यानं त्याला धाडलं होतं. एरवी त्याला न्यायला कोतवालसुद्धा येत नसे. उलट तो गावात शिरला की माणसं ज्वारीच्या कणगीत लपत. आज दमणी आलेली पाहून बिचारा भारावूनच गेला.

मास्तर अंगणात हात जोडून उभे होते. "या, या! तरास नाई ना झाला?"

"नाई जी, आमचं रोजचंच आहे." गवईनं टोपी काढून घाम पुसला आणि कामाचं विचारलं, "गावात साथ कशी आहे?"

मास्तरांचं मन भरून आलं. खऱ्या कलावंताचं हेच लक्षण! पाणी नाही मागितलं, आधी साथीची चौकशी.

"साथ उत्तम आहे. मी सोताच आहो ना साथीत!"

"तुम्ही?" गवई दचकला. "कधीपासून?"

"लहानपनापासून. आमच्या घरातच आहे ते. वडलांपासून आलं."

"बाप्पा! मंग वडील?"

"गेले."

"त्याच्यातच?"

"नाई नाई, म्हातारपनानं गेले. पन शेवटपर्यंत सुटलं नाई त्यांचं." मास्तर रंगात आले. "महिनाभर तं मले दुसरं काहीच नाई. रात्र नाई, दिवस नाई. हिले विचारा, झोप नाई बिचारीले."

यशोदाबाईंनी आतून जोरानं मान हलवली. गवईनं ओठाला लावलेला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

"आनखी कोन कोन आहे?"

"चिंधू आहे, मानिक आहे. तिघं मिळून कशी जोरात साथ होते पाहा तुम्ही सांजच्याले!"

"तिघं! आन तुम्ही फिरून राह्यले! बाई, मले पानी उकळून द्या. चांगलं खळखळ उकळून."

"पाहिलं?" मास्तर आत येऊन बायकोच्या कानाशी लागले. "गळा जपते! थंड्या पान्याले हात लावत नाई."

"गळा जपते तं भजे नाई चालाचे," यशोदाबाई म्हणाल्या. "मी कढई चढवली ना!"

एवढ्यात उत्सवाचे अध्यक्ष दत्तोपंत हार घेऊन आले. पंत म्हणजे गावच्या जमीनदाराचे, मालगुजाराचे, जुने दिवाणजी. सोवळंओवळं कडक, बोलणं पुस्तकी. त्यांनी गवईच्या गळ्यात हार घातला आणि आपल्या चंचीतून पान-सुपारी काढून पुढे ठेवली. गवई पडला भला माणूस. आपल्याला कोणी हार घालतंय हेच त्याला नवं. त्यानं दोन विडे छान जमवले, एक पंतांना दिला, एक आपण घेतला.

पंतांनी विडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि गुरूचं नाव कळावं म्हणून विचारलं, "बुवा, आपली दीक्षा कुठली?"

"नागपूरची," गवई म्हणाला. "छप्पन सालची."

वर्धा जिल्ह्यात याचा अर्थ न समजणारा माणूस शोधून सापडला नसता. पंतांचे डोळे उघडले, जबडा थांबला. विडा थुंकावा तर पाहुण्याचा अपमान, गिळावा तर जन्माचं सोवळं पोटात चाललं! गवई त्यांच्याकडे शांतपणे पाहत होता. असले चेहरे त्यानं पुष्कळ पाहिले होते.

"काऊन पंत, रंगला नाई का विडा?"

पंतांनी गिळला. काय करतील? मग गिळलेलं झाकावं म्हणून घाईघाईनं म्हणाले, "रंगला, रंगला! आणि गाणं? गाणं कुणाकडे शिकलात?"

"गानं? मी काऊन गाईन जी? मी सुया टोचतो."

गवईनं पेटी उघडली. आत सुया, पिचकारी, स्पिरिटची बाटली आणि कापूस. मास्तर मटकन ओट्यावर बसले.

खुलासा व्हायला फार वेळ लागला नाही. मास्तरांची 'साथ' कोणती ते कळल्यावर गवई पोट धरून हसला आणि मघाचा पेला गटागटा प्यायला जाणार, तोच थांबून म्हणाला, "हे नाई. उकळलेलंच द्या." मग तो उठला. "तुमचे बुवा येतीन तवा येतीन. पन सुई घेतल्याबिगर मांडवात कोनी पाय ठेवाचा नाई. मले तसा हुकूम आहे. पन लोक पयतीन ना! मास्तर, आधी तुम्ही घ्या म्हंजे गाव घेईन."

मास्तर वर्गात आरोग्याचे धडे द्यायचे. पळणार कुठं? तरी त्यांनी डोकं चालवलं. पेटीचे सूर उजव्या हातानं दाबायचे, म्हणून दंड पुढे केला तो डावा. चिंधूनंही तबला उजव्या हातानं वाजतो म्हणून डावाच दिला. माणिकनं तंबोरा सांभाळायचा म्हणून तेच केलं. पंतांनी डोळे मिटून सुई घेतली. आज त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुपारपर्यंत सगळं चिंचकाठी टोचून झालं.

आणि दुपार कलली तशी पटकीची लस बोलू लागली. दंडावर लिंबाएवढी गाठ आली, अंगात कसकस भरली. मास्तर पेटीपुढे बसले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, सूर उजव्या हातानं दाबायचे खरे, पण भाता डाव्या हातानं मारायचा असतो! हात पेटीपर्यंत जाईचना. तिकडे चिंधूचा डग्गा मुका झालेला.

"अवो, देवानं तुमाले अक्कल बी एकाच बाजूले देली का?" यशोदाबाई म्हणाल्या. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दंड दुखत होता, पण ते पाणी दंडाचं नव्हतं. जन्मभर वाट पाहिली आणि गवयानं गायचं त्या दिवशीच हात गेला. यशोदाबाईंनी ते पाहिलं आणि दंड शेकायला फडकं गरम करायला घेतलं.

दिवेलागणीला खरे सालपेकरबुवा उगवले. मोटार बुटीबोरीला बिघडली म्हणून उशीर झाला होता. श्रावणनं त्यांना दमणीतून थेट वाळूत आणलं. मांडवाच्या तोंडाशी स्टोव्हवर सुया उकळत होत्या.

"बाजूला व्हा," बुवा म्हणाले. "मी गवई आहे."

"मी बी गवईच आहो," जयवंता म्हणाला. "बाही वर करा."

बुवांनी सुईकडे पाहिलं. शेजारी दंड धरून कण्हत बसलेल्या चिंधूकडे पाहिलं. "माझा रुमाल मोटारीत राहिला वाटतं," असं म्हणून ते वळले आणि दमणीत जाऊन बसले. बऱ्याच वेळानं श्रावण एकटाच परत आला.

"बुवा कुठं आहे रे?" मास्तरांनी विचारलं.

"रुमालाच्या मांगं गेले जी. परतीची मोटार उभीच होती."

मांडव तर गच्च भरला होता. पल्याडचं सगळं गाव वरच्या अंगानं, सुईचा स्टोव्ह चुकवून, वाळूतून येऊन बसलं होतं. पुढे लोडाला टेकून रूपराव पाटील.

"काय मास्तर? कुठं आहे तुमचा गवई? का हवेतच गाते?"

पल्याडचे फिदीफिदी हसले. मास्तरांनी पंतांकडे पाहिलं, पंतांनी वाळूकडे. मग मास्तर उठले आणि सुया पुसत बसलेल्या जयवंताजवळ गेले.

"गवईसाहेब, तुमाले काहीच येत नाई का हो गाता? अगदी काहीच?"

"मास्तर, मी काय गवई आहो? सुई टोचताना लेकरं रडते, म्हनून मायच्या जात्यावरच्या चालीवर म्हनतो काहीबाही. पान्याचं, भाकरीचं."

"तेच म्हना! लाज राखा!"

जयवंतानं पल्याडच्या गर्दीकडे एकदा नीट पाहिलं. सगळ्या बाह्या खाली होत्या. काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, त्यानं टोपी नीट केली आणि तो गॅसबत्तीच्या उजेडात जाऊन बसला.

आता साथ? मास्तर पेटीपुढे बसले, उजवा हात सुरांवर ठेवला आणि डावा वाकवून पाहिला. कळ मस्तकात गेली. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून यशोदाबाई उठल्या आणि पदर खोचून सरळ पेटीच्या मागं येऊन बसल्या. त्यांनाही सुई होती, पण हट्टानं उजव्या दंडात घेतलेली. उजवा दुखला की भाकरी थापण्यातून सुटका, आणि फुंकणी काय डाव्या हातानंही धरता येते, असा त्यांचा हिशेब.

"सरा थोडे. चूल फुकन्यात जलम गेला, हा भाता काय मले जड हाय?"

जयवंतानं डोळे मिटले आणि आवाज सोडला.

"उकळून प्यावं पानी गं बाई, झाकून ठेवावी भाकर…"

आवाज काही तयारीचा नव्हता. पण जात्याची ती संथ चाल, मोकळा गळा, आणि यशोदाबाई नेमानं भाता मारताहेत. मास्तरांचा हात आपोआप चालू लागला. जयवंता वर गेला की पेटी वर जाई, तो थांबला की पेटी त्याची वाट पाही. मास्तर सगळं विसरले. दंड विसरले, रूपराव विसरले. यशोदाबाईंनी एकदा वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि भाता जरा जास्तच प्रेमानं मारला.

लोक डोलत होते. "पानी उकळून म्हंजे काय हो पंत?" कोणीतरी हळूच विचारलं.

पंतांना सगळं ठाऊक होतं. पण पल्याडचे कान टवकारून ऐकत होते. "गूढ आहे," पंत गंभीरपणे म्हणाले. "पाणी म्हणजे जीव, आणि उकळणं म्हणजे तप. भाकर झाकायची म्हणजे पुण्याचा बोभाटा करायचा नाही." रूपरावांनी मोठ्यांदा 'वा' म्हटलं आणि मग सगळ्या मांडवानं म्हटलं.

गाणं संपलं. रूपराव पुढे आले, जयवंताचा हात धरला. "गवईबुवा, पुढच्या सालाचं पुढच्या साली. उद्या सकायी आमच्या पारावर याच लागन! कोन्तं घरानं म्हनाव तुमचं?"

"सरकारी," जयवंता म्हणाला. "उद्या येतो. पन सगळ्या गावाले जमवजा. लेकरं, बाया, म्हातारे, कोनी घरी राह्यलं नाई पाहिजे."

"एक मानूस मागं ठेवत नाई! आन साथ? आमच्याकडं पेटीवाला नाई. मास्तरले आनता का साथीले?"

मास्तरांनी आशेनं मान वर केली. जयवंतानं आपली चौकोनी पेटी काखोटीला मारली.

"नाई पाटील. तुमच्या गावात साथ नको, म्हनूनच तं येऊन राह्यलो."

"बिनसाथीचा गवई!" रूपराव चिंचकाठीकरांकडे विजयानं पाहत म्हणाले. "ऐकलं का मास्तर? आमच्याकडं तं त्याले साथ बी लागत नाई!"

"खरं आहे पाटील," मास्तर दंड चोळत म्हणाले. "सकायी येताना कुडता तेवढा सैल बाह्यांचा घालजा."