गाडी कुठली ते विचारू नका

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाईंनी गाडीची चावी फिरवली आणि गाडीने टक् असा एकच आवाज केला. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा तोही केला नाही.

बाई शाळेत गणित शिकवतात. त्या दिवशी अकरा वाजता त्यांची वाहन परवान्याची चाचणी होती, तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा गाडी चढावर बंद पडली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की शिकाऊ परवान्यापासून सगळं पहिल्यापासून, म्हणजे सहा महिने. आणि बदलीच्या नव्या शाळेत त्यांना सोमवारी हजर व्हायचं होतं. शाळा चौदा किलोमीटरवर होती. यजमान रोज सोडायला तयार होते, आणि अडचण नेमकी तीच होती. यजमान गाडी चालवताना बोलत. पुढच्याचं चुकलं, मागच्याचं चुकलं, रस्ता बांधणाऱ्याचं तर मुळातच चुकलं. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर हे ऐकण्यापेक्षा बाईंनी बावन्नाव्या वर्षी क्लच शिकायला घेतला होता.

यजमान वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना मापसाहेब म्हणत. त्यांनी बॉनेट उघडलं, घरातून मीटर आणला, दोन तारा टेकवल्या आणि पंचनाम्याच्या सुरात सांगितलं, "दहा पॉइंट दोन. मेली आहे."

"मग नवी आणा," बाई म्हणाल्या. "दुकान साडेआठला उघडतं. ही काढून सोबत न्या, म्हणजे तशीच मिळेल."

"जुनी नेली की दुकानदाराला कळतं, गिऱ्हाईक अडलंय. मग पडून राहिलेला माल गळ्यात मारतो."

"अहो, पण आपण अडलोच आहोत."

"ते त्याला कळता कामा नये."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मापसाहेबांनी एक नियम कधी मोडला नव्हता. दुकानात शिरल्यावर आपण कशासाठी आलो ते सांगायचं नाही. सांगितलं की दुकानदार तेवढंच नीट करून दाखवतो. या नियमावर त्यांनी शेकडो खोटी वजनं पकडली होती. त्याच नियमाने बॅटरी घ्यायची असं ठरवून, पिशवीत मीटर आणि स्वतःचा ताणकाटा घालून, ते पायी निघाले.

बॅटरीवाल्याने शटर वर केलं तेव्हा ते बाहेर उभेच होते.

"या साहेब. गाडी कुठली?"

"बॅटरी दाखवा."

"दाखवतो की. गाडी कुठली?"

"गाडीचा इथे संबंध नाही. मला चांगली बॅटरी हवी आहे. चांगुलपणा बॅटरीत असतो की गाडीत?"

बॅटरीवाला बावीस वर्षं त्या काउंटरमागे बसत होता. दिवसाच्या पहिल्याच गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून त्याने आवाज खाली आणला. "पेट्रोल की डिझेल, एवढं तरी सांगा."

"कशाला?"

"डिझेलला मोठी लागते."

"मग मोठ्याही काढा आणि लहानही काढा."

"म्हणजे डॉक्टरकडे जायचं आणि कुठे दुखतंय ते सांगायचं नाही, असं झालं हे," बॅटरीवाला पुटपुटला, पण त्याने काढल्या. नऊ वाजेपर्यंत काउंटरवर चार आणि जमिनीवर सात अशा अकरा बॅटऱ्या मांडल्या गेल्या. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मापसाहेबांनी आधी तारखा पाहिल्या. तारखा सरळ लिहिलेल्या नव्हत्या. झाकणावर अक्षरं आणि आकडे ठोकलेले होते. हा ग्राहकाचा अपमान आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बॅटरीवाल्याने एकेक अर्थ लावून दिला. त्यातल्या दोन लहान बॅटऱ्या आठ महिन्यांपूर्वीच्या निघाल्या.

"आठ महिने जुन्या."

"जुन्या कशा? नव्या आहेत. कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग न वापरताच म्हाताऱ्या झाल्यात म्हणा."

"साहेब, दर दोन महिन्यांनी चार्ज करतो मी. मीटर लावून बघा."

त्यांनी लावून बघितला. बारा पॉइंट सहा आले. उत्तम आले म्हणून त्यांचा संशय वाढला.

नऊला पाच कमी असताना बाईंचा पहिला फोन येऊन गेला होता. नऊ पस्तीसला दुसरा आला. "मिळाली का?"

"तपासणी चालू आहे."

"अहो, तपासणी नाही, खरेदी. मला साडेदहाला निघायचंय."

"घाईत घेतलेला माल कसा निघतो, ते मला विचार."

"तुम्हालाच विचारतेय चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मग धाकट्या भावाला केला.

इकडे ताणकाटा बाहेर आला होता. बॅटरीच्या पोटात शिसं असतं, जितकं वजन जास्त तितकं शिसं जास्त, आणि शिसं जास्त तितकं आयुष्य जास्त, असा मापसाहेबांचा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. बॅटरीचा दोर आकड्यात अडकवायचा, काटा दोन्ही हातांनी उचलायचा, आणि बॅटरीवाल्याने गुडघे टेकून आकडा वाचायचा, अशी पद्धत ठरली. पाचव्या बॅटरीला बॅटरीवाल्याने कंबर धरली. आठवी आणि नववी म्हणजे त्या दोन आठमहिनी लहान बॅटऱ्या. खोक्यावर अकरा किलो दोनशे ग्रॅम छापलं होतं. काट्यावर दहा किलो आठशे आलं. दोन्हींचं.

मापसाहेबांनी खोक्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर अशी टवटवी कुणी पाहिली नव्हती.

"चारशे ग्रॅम," ते म्हणाले.

"साहेब, बॅटरी आहे, बटाटे नाहीत. किलोवर कोण नेतं?"

"खोक्यावर छापलंय ना? छापलं म्हणजे कबूल केलं."

"छापलं कंपनीने."

"आणि विकताय तुम्ही."

त्यांनी जुन्या कार्यालयात फोन लावला. तिथे आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला निरीक्षक होता. गुरूचा आवाज ऐकून तो वीस मिनिटांत हजर झाला. लाख, दोरा आणि पावतीपुस्तक घेऊन आला. दोन नग रीतसर सीलबंद झाले. तक्रारदार म्हणून मापसाहेबांनी सही केली. बॅटरीवाल्याचा चेहरा पडला होता, पण सही त्यानेही केली.

मग मापसाहेबांनी आपली निवड जाहीर केली. अठरा किलो चारशे ग्रॅम, गेल्या महिन्यातली, मीटरवर बारा पॉइंट आठ. अकरांत सर्वांत जड.

"आता तरी गाडी सांगा," बॅटरीवाला म्हणाला. "वॉरंटी कार्डावर नंबर लागतो."

"गाडीपाशी गेल्यावर लिहा."

"चला मग. बसवूनच देतो. तुमच्यासारख्या माणसाचं कार्ड अर्धवट ठेवलं तर मला झोप लागायची नाही."

पण गाडी घरी नव्हती. बाईंच्या भावाने सव्वादहाला आपला टेम्पो गाडीच्या तोंडाशी आणून लावला होता. जाड वायरींनी एका बॅटरीतून दुसरीत करंट दिला होता आणि गाडी चालू करून दिली होती. टेम्पोवर चाचणी होत नाही आणि अर्जात गाडीचा नंबर आधीच दिलेला, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. "ताई, एक लक्षात ठेव," त्याने बजावलं होतं. "इंजिन चालू आहे तोवर गाडी चालेल. बंद केलंस की संपलं." मग टेम्पो दारात सोडून तो बाईंच्या शेजारी बसला.

चाचणीच्या मैदानावर रांग मोठी होती. तपासनीस उन्हात उभे राहून तापले होते. बाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी कागद पुढे धरला. "क्रमांक एक. इंजिन सुरू करणे. करा."

"सुरू आहे," बाई म्हणाल्या.

"बंद करा आणि सुरू करा."

"ते शेवटी केलं तर नाही का चालणार?"

तपासनिसांनी रांगेकडे पाहिलं. "ठीक आहे. क्रमांक दोन."

त्यानंतर बाईंनी जी गाडी चालवली तशी त्यांच्या भावाने टेम्पोही कधी चालवला नव्हता. गाडी बंद पडली तर सगळं संपलं, या एका विचाराने त्यांचा डावा पाय क्लचवरून एक केसभर इकडेतिकडे झाला नाही. चढावर गाडी थांबली आणि पुन्हा निघाली, मागे बोटभरही घसरली नाही. उलटी फिरवली. दोन खांबांमध्ये लावली. दोनपासून दहापर्यंत सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या.

"उत्तम," तपासनीस म्हणाले. "आता क्रमांक एक."

"नऊ बरोबर आले ना? नव्वद टक्के झाले. सही करा."

"क्रमांक एक सक्तीचा आहे, बाई. बंद इंजिन उमेदवाराने स्वतः सुरू करायचं. बाहेरची मदत नाही, धक्का नाही."

"पंचवीस वर्षं मी पेपर तपासतेय. मुलाने सगळी गणितं बरोबर सोडवली, तर पेनाचं टोपण लावून पुन्हा काढून दाखव असं मी नाही म्हणत."

"हा नियम मी केलेला नाही."

"मग तुम्हाला तो मोडायला काय हरकत आहे?"

तपासनीस चिडले. त्यांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि पुढच्याला बोलावलं. दुपारी अडीचला मैदान बंद होतं, तोवर क्रमांक एक झाला तर सही, नाहीतर नापास, एवढं सांगितलं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना बॅटरीवाल्याची स्कूटर फाटकातून आत आली. मागे मापसाहेब होते आणि त्यांच्या मांडीवर अठरा किलो चारशे ग्रॅम होते. उतरल्यावर त्यांना पाय सरळ करायला थोडा वेळ लागला.

"आणली," ते म्हणाले. "शहरातली सर्वांत चांगली."

बॅटरीवाल्याने गाडी पाहिली. मग तो गाडीच्या मागे जाऊन पुन्हा पुढे आला.

"ही गाडी?"

"हीच."

"साहेब, ही ट्रकच्या धाकट्या भावाची बॅटरी आहे. या गाडीच्या खोबणीत हिचा अर्धा भागसुद्धा उतरणार नाही. वर हिची टोकंही उलट्या बाजूला आहेत, वायरी पोचायच्या नाहीत. मी सकाळी साडेआठपासून काय विचारत होतो?"

"वायरी लांब करता येतील."

"आणि बॉनेट? ते उघडं ठेवून बाई शाळेत जाणार?"

बाईंनी खिडकीची काच खाली केली. इंजिन चालूच होतं. "हिला कुठली लागते, ते सांगा," त्या बॅटरीवाल्याला म्हणाल्या.

"लहान. माझ्याकडे दोन आहेत."

"मग आणा की."

बॅटरीवाल्याने मापसाहेबांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा त्या कुठे आहेत."

भावाने आधी हसू दाबलं. दोन्ही नग कुठे आणि कोणाच्या सहीने बंद झाले, हे कळल्यावर त्याला हसू दाबायची गरज उरली नाही. "भाऊजी," तो म्हणाला, "ताईला तुम्हीच रोज सोडायचं, असा तर तुमचा बेत नव्हता ना?"

"अजिबात नाही," मापसाहेब संतापून म्हणाले. "चारशे ग्रॅम कमी होते, यात माझा काय दोष?"

तरी त्यांनी जुन्या शिष्याला फोन लावला. दोनपैकी एक नग मोकळा कर, म्हणाले.

"साहेब, तक्रार मागे घेतल्याचा लेखी अर्ज लागेल. तक्रारदाराने समक्ष यायचं. शनिवारी कार्यालय बाराला बंद होतं."

"मी सांगतोय ना तुला."

"साहेब, तुम्हीच शिकवलंत. एकदा सील लागलं की बापाचंही ऐकायचं नाही."

बाराच्या सुमारास मापसाहेबांनी शहरातल्या दुसऱ्या दुकानात फोन केला. पलीकडच्याने विचारलं, गाडी कुठली. मापसाहेबांनी कंपनी सांगितली, मॉडेल सांगितलं, वर्ष सांगितलं, पेट्रोल सांगितलं, रंग सांगितला आणि आम्ही फार अडलो आहोत हेही सांगितलं. पलीकडचा म्हणाला, या मापाची मंगळवारी येईल. तिसऱ्या दुकानात कुणी फोन उचलला नाही.

मग ते गाडीपाशी आले आणि त्यांनी पुढचं दार उघडलं. तिथे भाऊ बसला होता.

"मागे बसा," बाई म्हणाल्या. "ती बॅटरीही घेऊन बसा, उन्हात ठेवू नका. आणि बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

मापसाहेब मागे बसले.

एक वाजून वीस मिनिटांनी बॅटरीवाला कार्ड आणि पेन खिशात घालून, "अर्ज लिहायला मी निरीक्षकाच्या घरी जाऊन बसतो, साहेब. तुम्ही फक्त इथून सही पाठवा," असं म्हणून स्कूटरवर गेला. सही कशी पाठवायची, हे त्याने सांगितलं नाही. पावणेदोनला त्याचा फोन आला. निरीक्षक जेवायला बसला होता आणि त्याने त्यालाही वाढलं होतं. अर्जाच्या नमुन्यावर मतभेद होते.

दोन वाजून पाच मिनिटांनी तपासनीस डबा खाऊन मैदानावर परत आले. कागद त्यांच्या हातात होता, पहिला रकाना कोरा होता. पेट्रोलचा काटा तांबड्या रेघेला टेकला होता. मागच्या सीटवरून जवळजवळ दोन तास कोणताही आवाज आला नव्हता. इंजिन चालू होतं.