सहा खणांची मोहीम

जाणत्यांनी कान द्यावे, अजाणत्यांनी निदान हात आवरावे. कपाटाच्या सहा खणांवर कैसा प्रसंग गुदरला, ते येथे खरेपणे लिहिले असे.

कारखान्याचे खावंद मिस्त्रीमहाराज, उमर चौसष्ट. त्यांनी डॉक्टरीणबाईंसाठी सागवानी कपाट सिद्ध केले. ओढावयाचे खण हाताने ऐसे घासोन बसविले की प्रत्येक आपल्याच घरात शिरे, दुसऱ्याच्या उंबऱ्यासही न शिवे. मग महाराजांनी पॉलिशसाठी साही बाहेर काढले आणि वाळत मांडले आणि चहा घेतला आणि परतोन पाहतात तो कोणता खण कोणत्या घरचा, पत्ता नाही. चाळीस वर्षे खणांच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे घालण्याची कामगिरी बाईसाहेबांकडे होती. बाईसाहेब गेल्या साली निवर्तल्या. महाराजांचा समज ऐसा की आकडे लाकडातच उगवतात.

कपाट सायंकाळी पोचविण्याचा शब्द गेला होता. शब्द मोडता, बायको गेली आणि मिस्त्री संपला, ऐसे बोलावयास गाव टपलेलेच होते.

तेव्हा मेहुणे सरलष्कर, ज्यांच्या हातून आजवर एक खिळा सरळ गेला नाही, मसलतीस बैसले. तजवीज ऐसी काढली की साही खणांस रंधा मारावा, म्हणजे कोणताही कोठेही जाईल. महाराजांनी फर्माविले की हा शब्द पुन्हा निघाल्यास रंधा मेहुण्यांवर चालेल. मग हल्ला जाहला. पहिला खण तिसऱ्या घरात अडकला आणि तिसरा पाचव्यात खडखडला आणि पाचवा निम्म्यात रुतला आणि तो ओढताना सरलष्कर उताणे पडले आणि तेथूनच हुकूम सोडीत राहिले. महाराज स्टुलावर बैसले.

इतक्यात कन्या वाटेवरून डोकावली. तिने खण पाहिले, बापास पाहिले.

"बाबा, साही खणांची तोंडं एकाच फळीची ना? मग रेषा जुळवा की."

फळी महाराजांनीच निवडली, त्यांनीच कापली. लाकडाच्या रेषा वरपासोन खालपावेतो अखंड चालल्या होत्या. पाहावयाचे तेवढे राहिले होते. मग रेषेने रेषा लावली आणि खण निमूट आपापल्या घरी गेले. शेवटचा लोटताच वरचा बोटभर बाहेर आला.

"दाजी, हा बिघडला," सरलष्कर वदले.

"बिघडला नाही. आतल्या हवेलाही निघायला फट नाही, म्हणून त्याला ढकलते ती." बोलताना महाराजांचा आवाज जरा फाटला. पॉलिशचा वास लागला, ऐसे त्यांनी जाहीर केले.

कपाट वेळेवर पोचले. डॉक्टरीणबाईंनी साही खण उघडोन "छान" म्हटले आणि त्यांत जुन्या वायरी कोंबल्या. त्यांच्या जाऊबाईंनी तैसेच कपाट मागितले आणि महाराज हो म्हणाले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शत्रुपक्षी कोणीच नव्हते, तरी फार झुंजावे लागले.